बटवडा

त्रेस लागोसच्या पंपावर पेट्रोल नव्हतं.
पाटी होती तशी, वाऱ्याने अर्धी नेलेली,
आणि एक कुत्रा,
जो आमच्या तिन्ही गाड्यांच्या टायरांवर
रांगेने पाय वर करून गेला.
"टँकर उद्या येईल," पंपवाला म्हणाला,
"नाहीतर परवा." आणि खिडकी लावून घेतली.

नाउएलने नकाशा जमिनीवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार बूट.
टाकीत होतं तेवढ्यावर निघालो.
नाउएल पुढे, मधे मी, मागे ओलेगारियो,
आणि डावीकडून वारा.

पातागोनियात वारा येत-जात नाही.
तो राहतो. पाहुणे आपण.
गाडी त्याच्यावर रेलून चालवायची,
सरळ रस्त्यावर वळणात असल्यासारखी तिरकी.
समोरून ट्रक आला की क्षणभर वारा अडतो
आणि ज्याच्या खांद्यावर इतका वेळ रेललो
तोच नाहीसा होतो.
मी त्रेलेवच्या बेकरीत पाव भाजते.
घटस्फोटाचं वर्ष मला एवढ्या नेमकेपणी
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली नाउएलची गाडी खोकली, मग माझी.
तारेच्या कुंपणापलीकडे पत्र्याचं घर, पॉपलरची ओळ,
एक बाई डबा घेऊन आधीच निघालेली.
थांबलेलं इंजिन तिला लांबून ऐकू येत असणार.
पैसे घेतले नाहीत.
रुमालाची एक पुरचुंडी ओलेगारियोच्या हातात ठेवली.
"ग्रेगोरेसला जाताय ना?
माझा भाऊ, एउसेबियो. चर्चच्या मागे, निळं दार.
हे त्याचं. मला घरात नको."

पुरचुंडीत दात होते. वरची कवळी, गुलाबी, धुतलेली.
नाताळच्या जेवणात भांडण झालं,
त्याने काढून टेबलावर आपटली आणि गेला.
आता जानेवारी संपत आला.
कशावरून भांडण, ते तिने सांगितलं नाही.
नाउएल हसू दाबत हेल्मेटमध्ये शिरला.
ओलेगारियो हसला नाही.
चौतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस.
त्याने पुरचुंडी आतल्या खिशात ठेवली,
चेन लावली, वरून एकदा थोपटली.

पुढे डांबर संपलं.
खडीवर दात त्याच्या छातीशी बोलत असावेत दिवसभर.
ग्वानाकोंचा कळप कुंपणावरून उड्या मारत गेला,
एक पिल्लू अलीकडेच राहिलं,
त्याची आई पलीकडे उभी.
आम्ही इंजिनं बंद करून थांबलो,
उडी जमेपर्यंत.

चारच्या सुमारास मी पडले.
जोरात नाही; चाक खडीत रुतलं आणि जमीन जवळ आली, एवढंच.
ओलेगारियो वळून आला.
आधी खिसा चाचपला,
मग मला विचारलं, "हाड ठीक आहे का?"
हे मी त्याला आयुष्यभर ऐकवणार आहे.

ग्रेगोरेसला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते, ऊन अजून होतं.
चर्चच्या मागे निळं दार नव्हतं.
हिरवं होतं, ताजा रंग, हाताला लागणारा.
"हेच," ओलेगारियो म्हणाला.
कसं, विचारलं, तर म्हणे उंबऱ्याला जुना निळा आहे.

एउसेबियोने दात नळाखाली धरले,
पाठ करून बसवले, जबडा दोनदा मिटला.
मग आमच्याकडे न बघता,
"काही म्हणाली?"

चौतीस वर्षांत ओलेगारियोने
एकही लिफाफा उघडला नव्हता,
एक ओळ इकडची तिकडे केली नव्हती.
"म्हणाली, कातरणीला ये.
मेंढ्या दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत."

नाउएल आणि मी आपापले बूट बघत राहिलो.

"खोटं," एउसेबियो म्हणाला. "ती असं म्हणायची नाही."
शेगडीवरचं झाकण काढलं, सुरी घेतली,
मांसाचे चार वाटे केले.
"पण मेंढ्या ऐकत नाहीत,
हे खरं आहे."

रात्री त्याच्याच पडवीत पथाऱ्या टाकल्या.
पत्रा वाजत होता.
ओलेगारियोने जॅकेट खिळ्याला टांगलं,
दिवा मालवायच्या आधी परत उठला
आणि रिकामा खिसा चाचपून आला.